पाटी उतरवलेले डॉक्टर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांगलीहून मिरजेकडे निघालं, की विश्रामबागेच्या पुढं वानलेसवाडी लागते. रोजच्या जाण्यायेण्यात हे नाव आपल्या तोंडात इतकं बसलंय, की ते कुणा माणसाचं आडनाव आहे हे सहसा ध्यानातही येत नाही. कॅनडात जन्मलेले विल्यम जेम्स वानलेस न्यूयॉर्कला वैद्यकीचं शिक्षण पुरं करून १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. वय होतं चोवीस. आधी सांगलीत आणि मग मिरजेत त्यांनी दवाखाना चालवला. १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि पुढची चौतीस वर्षं हा माणूस तिथंच राहिला.

आज वानलेसांची आठवण निघाली ती एका वेगळ्याच कारणानं. डॉक्टर थकतात, उबगतात, चालता दवाखाना बंद करून दुसरीकडं वळतात, अशी चर्चा हल्ली सारखी कानावर येते. त्यासाठी 'बर्नआउट' हा इंग्रजी शब्द आता मराठीतही रुळलाय. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये तो या अर्थानं लिहिला. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसं काही महिन्यांत आतून विझल्यासारखी होतात, असं त्याला दिसलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हणून. हा फरक मला मोलाचा वाटतो. आजार म्हटला की तो डॉक्टरचा होतो, आणि स्थिती म्हटली की कामाची मांडणी तपासावी लागते.

वानलेसांच्या कामाची मांडणी कशी होती? मिरज हे रेल्वेचं जंक्शन. मोतीबिंदूची म्हातारी माणसं, मुतखड्याचे, गाठींचे रोगी लांबलांबून गाडीनं यायचे, आणि शस्त्रक्रिया जाणणारे हात सुरुवातीला एकाच माणसाचे. असा माणूस चार-पाच वर्षांत गळून पडायचा. पण एकट्यानं हे रेटता येणार नाही, हे वानलेसांनी लवकर ओळखलं. शतक संपण्याआधीच त्यांनी मिरजेत हिंदी तरुणांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. रोग्यांची रांग दाराशी उभी असताना वर्गावर वेळ घालवणं हे त्या वेळी कुणाला उधळपट्टीही वाटलं असेल. पुढं डॉ. चार्ल्स वेल यांच्यासारखे सहकारी आले, हात वाढले. १९२८ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी वानलेस निवृत्त होऊन परत गेले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात ते वारले. हॉस्पिटल मात्र त्यांच्यामागंही चालू राहिलं. ते कधी थकलेच नसतील, असं मी म्हणणार नाही. सगळा भार एकाच खांद्यावर राहू नये, एवढी सोय त्यांनी स्वतः करून ठेवली होती.

वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी त्यांच्या नावाचं आरोग्यधाम होतं. त्या काळचे उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि महिनोन्महिने वाट पाहणं. डॉक्टरचं निम्मं काम धीर देण्याचं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि आरोग्यधामांचा पायाच हलला. क्षयाचा रोगी घरी राहून, गोळ्या घेऊन जवळपास तितकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवून दिलं. ज्यांनी उभी हयात आरोग्यधामांत घातली, त्या डॉक्टरांना काय वाटलं असेल? रोगी सुटला याचा आनंद झालाच असणार, पण हातातली विद्या शिळी झाली, हेही कळलं असणार. आता छातीच्या एक्स-रेवरचा क्षय संगणक ओळखतो, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्या रोग्यांसाठी त्याला मान्यताही दिली. नव्या यंत्राची धास्ती घेतलेली डॉक्टरांची ही काही पहिली पिढी नाही.

आता दुसऱ्या वाटेकडं वळू, म्हणजे जे डॉक्टर ही विद्या घेऊन दवाखान्याबाहेर पडले त्यांच्याकडं. या कथेत साताऱ्याची दोन नावं सहज पुढं येतात.

पहिले डॉ. श्रीराम लागू. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्म, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिक्षण, पुढं कान-नाक-घसा तज्ज्ञ. पुण्यात काही वर्षं व्यवसाय, वरच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, आणि मग टांझानियातल्या टबोरा इथं नोकरी. व्यवसाय चांगला चालत असताना नाटकाचं वेड मात्र कॉलेजपासूनच मागं लागलेलं. भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात', हे सगळं डॉक्टरी सांभाळून चाललं होतं. १९६९ मध्ये कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'च्या वेळी त्यांनी ठरवलं, की आता पूर्णवेळ नाटकच. वय बेचाळिशीला टेकलेलं. संसार असताना, परदेशातला अनुभव गाठीशी असताना, महिन्याच्या मिळकतीची शाश्वती नसलेल्या धंद्यात उडी घ्यायची, हे त्या काळात आपल्याकडच्या किती घरांत चाललं असतं? पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि गणपतराव बेलवलकरांच्या रूपानं लागू महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. लागू डॉक्टरीला कंटाळून बाहेर पडले, असं दिसत नाही. त्यांना मागून कुणी ढकललं नाही, पुढून कशानं तरी ओढलं. व्यवसाय सोडणाऱ्या प्रत्येकाला आपण 'बिचारा दमला' या रकान्यात टाकतो, ते बरोबर नाही. (दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे राहिलेलेही आहेत. डॉ. मोहन आगाशे बी. जे.मध्ये मनोविकारशास्त्र शिकवत राहिले आणि 'घाशीराम कोतवाल'मधला नानाही करत राहिले. पण ती कसरत सर्वांना जमण्यासारखी नाही.)

दुसरे डॉ. नरेंद्र दाभोलकर. १ नोव्हेंबर १९४५ रोजी साताऱ्यात जन्म, दहा भावंडांत धाकटे. साताऱ्याच्या शाळेतून सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात, म्हणजे वानलेसवाडीच्या अगदी शेजारी, आणि तिथून मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. हे महाविद्यालय १९६२ मध्ये निघालं. ज्या गावात वानलेसांनी पोरांना शिकवायला घेतलं होतं, तिथंच साताऱ्याचा हा कबड्डीपटू डॉक्टर झाला. कबड्डीपटू म्हणजे हौशी नव्हे, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेला. साताऱ्यात त्यांनी सुमारे बारा वर्षं व्यवसाय केला. बाबा आढाव यांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीशी जोडले गेले. बाबाही डॉक्टरच, हा योगायोग म्हणावा की काय, ते तुम्हीच ठरवा. मग दाभोलकरांनी दवाखाना थांबवला, आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात 'परिवर्तन' उभं राहिलं. १९९८ पासून 'साधना' साप्ताहिकाचं संपादनही त्यांच्याकडं आलं.

अशा माणसांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो अगदीच हलका नाही. सरकारी महाविद्यालयातली एक जागा म्हणजे जनतेचा पैसा. त्या जागेवरून दुसरा कुणी शिकला असता, तर एखाद्या तालुक्याला आयुष्यभराचा डॉक्टर मिळाला असता. मुलाला डॉक्टर करण्यासाठी शेत विकणाऱ्या बापाला तर हे सगळं चोचल्यासारखंच वाटणार. मला स्वतःला हा हिशेब पटतो, पण अर्धाच. तपासणीच्या टेबलापुढं न बसणारा डॉक्टर वाया गेला, असं धरलं तरच तो पुरा होतो.

या दोघांच्या बाबतीत तो पुरा होत नाही. लागू आणि दाभोलकर पुढं एकाच कामात भेटले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं, म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचा होता. त्यासाठी लागू, निळू फुले, तनुजा अशा मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. नट झालेला एक डॉक्टर आणि कार्यकर्ता झालेला दुसरा. दुसऱ्यासाठी झिजणारी माणसं उपाशीपोटी झिजू नयेत, याची व्यवस्था हे दोघं करत होते.

आज दवाखान्यात टिकून राहिलेल्यांसाठी अशी व्यवस्था कितपत आहे? निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असं १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेतच म्हटलंय. मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री अकरानंतर सहज चक्कर मारा आणि समोर दिसेल त्या तरुण डॉक्टरला विचारा, शेवटचं कधी झोपलात. खेड्यातल्या डॉक्टरची गत वेगळी. ईसीजीचा फोटो फोनवर येतो, सोनोग्राफीचा अहवाल फोनवर येतो, आणि रोग्याचा पुतण्याही रात्री साडेअकराला फोनवरच येतो. यंत्रानं काम सोपं केलं हे खरं, पण दवाखान्याला असलेलं दार मात्र काढून नेलं.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. २०२४ मध्ये न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. लागू १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात गेले. दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, त्याचा वटहुकूम हत्येनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडं जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, हा गुन्हा आहे. साताऱ्यातला दवाखाना बंद करून तीस वर्षं होत आली होती.