कथा संपते, सांगता राहते

गोंधळाला बसलेल्या माणसाला जांभूळआख्यान कुठे जाऊन थांबणार हे आधीच ठाऊक असतं. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात काय आलं, ते कृष्णाने कसं ओळखलं, झाडावरून सुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागण्यासाठी तिला भर सभेत मनातलं खरं कसं सांगावं लागलं, हे सारं त्याने पूर्वी अनेकदा ऐकलेलं असतं. तरीही तो रात्र जागवतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ज्या गोंधळाला जिल्ह्याबाहेर मोठी ओळख मिळवून दिली, त्या गोंधळाची मांडणी पाहिली की याचं कारण सापडतं. आधी चौक मांडायचा, घट बसवायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्याच्या साथीने गावोगावच्या देवतांना नावं घेऊन आवतण द्यायचं. मग आख्यान. आख्यान संपलं म्हणजे गोंधळ संपला असं मात्र होत नाही. बोलावलेल्या देवतांची आरती व्हावी लागते, यजमानाच्या घरादाराला आशीर्वाद मिळावा लागतो, दिवटी शांत करावी लागते. म्हणजे इथे शेवट दोन असतात. एक कथेचा आणि दुसरा सगळे ज्यासाठी जमले त्या सोहळ्याचा. पहिला कथेतल्या माणसांचं काय झालं ते सांगतो. दुसरा ऐकणाऱ्यांना जागेवरून उठवून घरी पाठवतो. सिनेमाच्या शेवटाबद्दल प्रेक्षक जी नाराजी बोलून दाखवतात, तिचं मूळ बहुतेकदा या दुसऱ्या शेवटाच्या अभावात आहे, असं माझं म्हणणं आहे. ती नाराजी समजून घ्यायला परभणीसारखा जिल्हा फार उपयोगी पडतो, कारण इथे ही जुनी रीत पुस्तकात जाऊन बसलेली नाही, आजही चालू आहे.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असलं तरी १९९९ साली जिल्ह्याचं विभाजन होईपर्यंत तेही परभणीतच होतं. या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसला नाही असं गाव शोधून सापडणार नाही. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, त्यानंतर जागर असे सात दिवस जातात आणि शेवटी काल्याचं कीर्तन होतं. त्याचा विषय ठरलेला असतो: बाळकृष्णाच्या गोकुळातल्या लीला. कीर्तनकार कितीही विद्वान असला तरी काल्याच्या दिवशी त्याने नवा विषय काढावा अशी कुणाची अपेक्षा नसते. पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत असतं आणि गर्दी मात्र सर्वांत जास्त त्याच दिवशी असते. दहीहंडी फुटते, काला हातावर पडतो, मग पंगती बसतात. नारदीय कीर्तनातही हेच दिसतं. पूर्वरंगात एक पद घेऊन निरूपण करायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं, आख्यान संपलं की पुन्हा मूळ पदावर यायचं आणि आरतीने उठायचं. निजामी राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, या मुलखात सार्वजनिक सभेला परवानगी लागत असे. अशा काळात कीर्तन, सप्ताह, मेळे हेच गावाने एकत्र बसण्याचे मोठे प्रसंग होते. म्हणून त्यांची सांगता ही नुसती धार्मिक बाब नव्हती, गाव म्हणून एकत्र असण्याचा तो कळस होता. हे केवळ वारकऱ्यांपुरतं किंवा हिंदूंपुरतंही नव्हे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो आणि त्याला सर्व धर्मांचे लोक जातात. संदल, जियारत, दुआ, तबर्रुक यांच्याशिवाय उरूस पुरा झाला असं तिथेही कुणी म्हणणार नाही.

सिनेमा आला तो या जाणत्या प्रेक्षकांपुढे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिल्या चित्रपटासाठी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली, तेव्हा तिचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक देशात क्वचितच असेल. सत्त्वपरीक्षा पुरी होते, देव प्रकटतो, गेलेलं परत मिळतं. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ मध्ये हीच वाट धरली. तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते. दामले-फत्तेलालांनी त्या शेवटच्या दृश्यात केवळ चमत्कार दाखवला नाही. निरोप देणारा गाव दाखवला, आणि थिएटरातला प्रेक्षक आपोआप त्या गावात सामील झाला. चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या प्रेक्षकांच्या हकिगती या चित्रपटाबद्दल सांगितल्या जातात, त्यांचा अर्थ इथे लागतो. लोकांनी तिकीट काढलं होतं खरं, पण ते कीर्तनाला बसावं तसे बसले होते आणि पडद्याने त्यांना कीर्तनासारखीच सांगता दिली. संतपटांची लाट पुढे बराच काळ टिकली. गंगाखेडच्या जनाबाईंवरही १९४९ साली ‘संत जनाबाई’ हा चित्रपट आला. जनाबाई झाल्या होत्या हंसा वाडकर. या चित्रपटांच्या भाबडेपणावर पुढच्या पिढ्यांनी पुष्कळ टीका केली. ती काही अंशी खरी आहे. पण या चित्रपटकर्त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: अंधारात तीन तास एकत्र बसलेल्या माणसांना उठवायचं कसं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं फिरवून सांगण्याची गरजच काय. प्रेक्षकाला गोड शेवट हवा असतो, दुःखाचा आला की तो नाराज होतो. मराठी रंगभूमीचा इतिहास या म्हणण्याला आधार देत नाही. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आला. त्यात सिंधू मरते, सुधाकर विष घेतो, आणि याच नाटकाला महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या गर्दी केली. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त (१९७२) स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून मास्तर फासावर जातो, तरी तो सिनेमा खेड्यापाड्यांत तुफान चालला. दुःख प्रेक्षकाला सोसतं. त्याला बोचतो तो बाहेरून चिकटवलेला शेवट. ‘शोले’चं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९७५ साली आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने मूळ शेवट मान्य केला नाही. हात गमावलेला ठाकूर गब्बरला पायांखाली चिरडून मारतो हा प्रसंग गेला आणि ऐन वेळी पोलीस येऊन कायद्याची आठवण करून देतात असा शेवट नव्याने चित्रित झाला. सिनेमा अफाट चालला, पण तो शेवट कुणाच्या जिवाला भिडला नाही. तीन तास ज्या सूडाची तयारी चालली होती, तो सूड दारापर्यंत येऊन परत गेला होता. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्या इथे दाखवली गेली, यावरूनच त्या तुटलेल्या धाग्याची रुखरुख किती काळ उरली होती ते दिसतं.

‘सैराट’चा प्रश्न याहून अवघड आहे, म्हणून त्यापाशी जरा थांबायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये हा चित्रपट लागला तेव्हा गाणी सुरू झाली की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते. गोंधळात आणि काल्यात लोकांचा सहभाग शेवटी येतो. नागराज मंजुळेंनी तो मध्येच घडू दिला आणि शेवटी अगदी काढून घेतला. आवाज बंद होतो, रक्ताने भरलेली लहान पावलं दाराबाहेर जातात, बस. मघाशी नाचलेला प्रेक्षक आता काय करणार? त्याला रडायला सूर दिलेला नाही, टाळ्या वाजवायला निमित्त नाही. ‘शेवट असा का केला?’ असं विचारणारे पुष्कळ होते, आणि त्यांना अडाणी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना काहीतरी हरवल्याचं नेमकं कळलं होतं. फरक इतकाच की इथे सांगता चुकून राहिलेली नाही, जाणूनबुजून नाकारलेली आहे. जात मोडून लग्न करणाऱ्यांना मारलं जातं तेव्हा त्यांना निरोप द्यायला गाव उभं राहत नाही. म्हणून चित्रपटही तो देत नाही. याच कथेवरच्या ‘धडक’ने २०१८ मध्ये शेवटची जागा बदलली: मुलगा आणि मूल मरतात, मुलगी वाचते. मृत्यू तिथेही आहेत, रक्त तिथेही आहे. पण जातीचा प्रश्न आधीच इतका पातळ केलेला होता की तो शेवट कशातून आला हेच प्रेक्षकाला जाणवत नाही. दोन्ही शेवट दुःखाचेच, पण एक छातीवर बसतो आणि दुसरा विसरला जातो.

सांगतेची उणीव राज्यकर्त्यांच्याही लक्षात आली होती, असं म्हणायला एक पुरावा आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर थिएटरांत खेळ संपल्यावर राष्ट्रगीत वाजवण्याची प्रथा पडली. लोक मात्र तोवर दाराकडे निघालेले असत, आणि प्रथा मागे पडत गेली. महाराष्ट्रात २००३ मध्ये राष्ट्रगीत खेळाच्या आधी वाजवणं सक्तीचं झालं. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी देशभर तसा आदेश दिला आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती उठवली. यावरून कुणी म्हणेल, बघा, प्रेक्षकाला सांगता नकोच असते, तो उठून जातो. मला यातून उलटं दिसतं. राष्ट्रगीताबद्दलचा आदर लोकांना कुणी शिकवायला नको होता. शाळेत, पंधरा ऑगस्टला तेच लोक ताठ उभे राहतात. पण मारामारीच्या किंवा प्रेमाच्या सिनेमाशी त्याचा काही संबंध नव्हता. काल्याच्या कीर्तनातून कुणी आधी उठत नाही, कारण काला त्या सात दिवसांतूनच तयार झालेला असतो. सांगता ही त्या त्या खेळातूनच यावी लागते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या सोहळ्यांचा मी आधार घेतो आहे, त्यांत सगळा गाव खरोखर एकत्र बसत होता का? नव्हता. कित्येकांना काल्याचा प्रसाद दुरून मिळाला, पंगत वेगळी मिळाली, मंडपात जागा मिळाली नाही. थिएटरात मात्र तिकीट काढलं की जात विचारली जात नव्हती. मग जुन्या सांगतेसाठी हळहळायचं कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे. ज्यांना बाहेर ठेवलं गेलं, त्यांनी सांगता टाकून दिली नाही. त्यांनी आपली सांगता घडवली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने १९३० च्या दशकात तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला: मुलांना शाळेत घाला, मेलेली गुरं ओढू नका, माणूस म्हणून उभे राहा. अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्यातला गणेशस्तवनाचा गण बदलून तिथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या जयंत्यांत रात्रभर गायली गेली. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १९९४ पर्यंत चालला, त्या काळात या गाण्यांनी लोकांना एकत्र बांधून ठेवलं. देव नाही, आरती नाही, तरी माणसं रिकाम्या हातांनी घरी जात नव्हती. मंजुळेंच्याच ‘फँड्री’चा शेवट मला या परंपरेत दिसतो. डुकरं पकडणाऱ्या घरातला जब्या चिडवणाऱ्यांवर धोंडा भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. कथा अर्धवट थांबते. जब्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. तरीही तो शेवट अपुरा वाटत नाही, कारण त्या क्षणी प्रेक्षकाला जागा दिलेली आहे, भले ती धोंडा झेलणाऱ्याची असो.

म्हणूनच ‘खुला शेवट खरा, बंद शेवट खोटा’ हा समीक्षेतला सोपा निवाडा मला पटत नाही. ‘उंबरठा’त (१९८२) सुलभा घराबाहेर पडते आणि पुढचा रस्ता आपल्याला दाखवला जात नाही, पण ज्या प्रेक्षक स्त्रियांनी तो चित्रपट पाहून घरी वाद घातला, त्यांच्यासाठी तो वाद हाच पुढचा अंक होता. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेल्या ‘भूमिका’त (१९७७) नायिका अखेर एकटी उरते. पडद्यावर संतांची निश्चित सांगता जगलेल्या नटीच्या आयुष्यावरचा चित्रपट असा सांगतेवाचून थांबतो, यात श्याम बेनेगल यांची समज दिसते. हे दिग्दर्शक जाणतात की कथा अर्धी ठेवली तर प्रेक्षकाला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ज्यांना ते कळत नाही, ते एक तर शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांची गळाभेट घडवतात, नाही तर धक्का देऊन मोकळे होतात. आता मोबाइलवर सिनेमा पाहताना श्रेयनामावली सुरू होते न होते तोच चौकट लहान होते आणि पुढचा सिनेमा सुरू व्हायला टपलेला असतो. परभणीतला गोंधळही हल्ली रात्रभर चालतोच असं नाही. यजमानाला घाई असली की गोंधळी आख्यान आवरतं घेतात, आरती मात्र वगळत नाहीत.