अंगठी बोटात की बोटावर?

गेल्या दिवाळीत माझी सात वर्षांची मुलगी नवी अंगठी मिरवीत म्हणाली, "आजी, माझ्या बोटावर अंगठी बघ." भारतातून आलेल्या माझ्या आईने लगेच दुरुस्ती केली, "बोटावर माशी बसते गं. अंगठी बोटात घालायची!" कन्या माझ्याकडे वळली. "पण बाबा, खरं तर बोटच अंगठीच्या आत आहे ना?" अभियांत्रिकीतली डॉक्टरेट पदरी असूनही मी निरुत्तर झालो. 'आत', 'वर', 'मागे' हे मूल शिकते तरी कुठून, हे शोधू लागलो आणि एक मनोरंजक इतिहास हाती लागला.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२५ ते १९३१ दरम्यान जन्मलेल्या आपल्या तीन मुलांचेच बारकाईने निरीक्षण केले आणि १९३७ साली ते पुस्तकरूपाने मांडले. दहा महिन्यांच्या जॅकलिनचा खेळण्यातला पोपट त्यांनी दोनदा गादीखाली डावीकडे लपवला. तिने तो शोधला. मग तिच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवला, तरी ती डावीकडेच शोधू लागली! पियाजेंचा निष्कर्ष असा, की वस्तू आणि जागा यांची समज बाळाला उपजत नसते. हात लावून, रांगून, चुकतमाकत ते ती पहिल्या दीड-दोन वर्षांत उभी करते.

यात एक मेख होती. शोधायला हात लागतात, आणि बाळाचे हात अजून कच्चे असतात. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर, पडद्यावर उत्तर उमटले नाही म्हणून आत गणित झालेच नाही, असे म्हणता येत नाही.

पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी हात सोडून नजर मोजली. अनपेक्षित गोष्टीकडे बाळ अधिक वेळ पाहते, हे त्यांचे मोजमाप. १९८५ मध्ये रने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की व सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांपुढे एक उलटणारा पडदा ठेवला. पडद्यामागे खोका होता. पडदा खोक्याला अडून थांबला, तर बाळांना त्याचे विशेष वाटले नाही. पण खोका जणू नाहीच, असा तो पूर्ण आडवा झाला, तेव्हा ती अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजे मागचा खोका त्यांच्या हिशेबात होता! जास्त वेळ पाहणे म्हणजे समजणेच का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

आता पुन्हा अंगठीकडे. १९९१ मध्ये सूनजा चोई आणि मेलिसा बोवरमन यांनी कोरियन व इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची तुलना केली. कॅसेट डबीत बसवणे, टोपण पेनला लावणे, अंगठी बोटात घालणे, या सर्वांना कोरियनमध्ये एकच क्रियापद आहे: 'क्कीदा', म्हणजे घट्ट बसवणे. इंग्रजीत यांतले एक 'इन', बाकीचे 'ऑन'. दोन वर्षांची होण्याआधीच मुले आपापल्या भाषेप्रमाणे वाटणी करू लागलेली दिसली.

मग घट्ट-सैल हा भेद भाषेनेच दिला का? २००४ मध्ये सुझन हेस्पोस आणि स्पेल्की यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली पाच महिन्यांची बाळे तपासली. भांड्यात घट्ट बसणारा आणि सैल राहणारा दंडगोल, हा फरक त्या बाळांनी टिपला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांचे मात्र तिकडे फारसे लक्ष गेले नाही. म्हणजे मूल भाषेपूर्वीच अनेक भेद घेऊन येते. भाषा त्यांतल्या काहींवर बोट ठेवते आणि बाकीचे मागे पडतात.

मराठीचीही स्वतःची वाटणी आहे. अंगठी बोटात, चप्पल पायात, गजरा केसांत, कुंकू मात्र कपाळाला. हे कुठल्या तर्काने सिद्ध होत नाही. कानावर पडूनच अंगवळणी पडते. माझी मुलगी चुकली नव्हती. तिच्या कानावर जे अधिक पडले, तेच ती बोलली. रविवारच्या मराठी वर्गाला मी तिला न चुकता पोचवतो, पण गाडीत तिच्याशी बोलतो इंग्रजीतच. तेव्हा दुरुस्ती करायचीच, तर ती माझ्यापासून करायला हवी.