सडी स्वारी: हत्तीवरचा तंबू दुचाकीवर कसा आला?

१/ मोटरसायकलच्या मागच्या सीटवर आज बांधला जाणारा तंबू गुंडाळला की काखेत मावतो. याच वस्तूला एकेकाळी हत्ती लागत. तिचे वजन कसे उतरले, हा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र दुसराच प्रश्न आहे: ओझे कोण वाहणार? #थ्रेड

२/ अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त शाही छावणीचा हिशेब दिला आहे. एका मुक्कामाच्या सामानाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल. शिवाय डेरे उभारणारे १,००० फरास. येथे तंबू म्हणजे चालते-फिरते राजधानीचे शहर. त्याचे जडत्व हेच त्याचे वैभव होते.

३/ मराठी युद्धभाषेत या जडत्वाला नेमका शब्द आहे: बुणगे. आणि त्याच्या विरुद्ध टोकाला सडी स्वारी, म्हणजे घोडा, हत्यार आणि अंगावर निभावेल तेवढेच सामान. पहिल्या प्रकाराची किंमत काय असते, हे १७६१च्या पानिपताने दाखवले.

४/ युरोपीय अधिकाऱ्यांनीही हिंदुस्थानात जडच तंबू वापरले, कारण वाहणारे लोक आणि जनावरे हाताशी होती. जोवर भार दुसऱ्याच्या पाठीवर आहे, तोवर तो कमी करण्याची निकड कोणाला भासेल?

५/ ही निकड सायकलने निर्माण केली. थॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. १८५३ मध्ये, बालपणी, त्याने आईवडिलांबरोबर तांड्यातून अमेरिकेची माळराने ओलांडली होती. १८९७ मध्ये तो मित्रांसह आयर्लंडमधील कॉनेमारा प्रदेशात सायकलवर तंबू बांधून हिंडला. पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले.

६/ तो शिंपी होता, हा तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. कापडाचा पोत, शिवण, घडी, वजन यांची जाण त्याच्या व्यवसायातच होती. आता पाय त्याचेच आणि चढही त्यालाच चढायचा. म्हणून प्रत्येक वस्तू तोलून घेणे आले. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलवरून तंबूप्रवास करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. १९०८ मध्ये त्याचे सविस्तर मार्गदर्शक पुस्तक निघाले.

७/ याच दशकातली दुसरी वस्तू आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली आहे. १८९२च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने प्रायमस स्टोव्ह आणला. वात नाही, पंप मारून दाब दिला की रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत पेटते. सरपण शोधण्याची गरज सरली. ध्रुवप्रदेशातल्या मोहिमांनी आणि मराठी घरांनी एकच फुरफुर ऐकली.

८/ पुढचा टप्पा युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी कोलमन कंपनीने पेट्रोलवर चालणारा लहानसा स्टोव्ह बनवला. १९३५ मध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत जन्मलेले नायलॉन याच युद्धात हवाई छत्र्यांसाठी रेशमाच्या जागी आले आणि नंतर तंबूंत शिरले. सैनिकाच्या पाठीवरचे वजन घटवण्यासाठी झालेला खर्च पुढे पर्यटकाच्या कामी आला.

९/ म्हणून दुचाकीसाठी सामान निवडताना होल्डिंगचीच रीत उपयोगी पडते. तंबूच्या वजनाइतकीच त्याच्या दांड्यांची घडी घातल्यावरची लांबी पाहावी. लांब दांड्या बॅगेबाहेर डोकावतात. जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ ठेवावी. स्टोव्हचे इंधन वाटेवर मिळेल असेच असावे. एकच वस्तू दोन कामे करील का, हेही विचारावे.

१०/ इंजिनामुळे एक जुना मोह मात्र परततो. पाय दुखत नाहीत, म्हणून 'असू दे' म्हणत आपण खुर्ची घेतो, दुसरे भांडे घेतो, आणि बघता बघता बुणगे जमतात. घाटाच्या वळणावर गाडी डोलू लागली, की ओझे कोण वाहते आहे ते कळते. निघण्यापूर्वीच्या रात्री सामान जमिनीवर मांडून एकदा तोलून पाहावे. सडी स्वारी तिथेच ठरते.