अंबडच्या वाटा आणि आपली आठवण

जालना जिल्ह्यातील अंबड दुरून ओळखू येते ते मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव. या टेकडीभोवतीची राजवट मात्र वारंवार बदलली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाची सत्ता होती. १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८१ साली औरंगाबादपासून जालना जिल्हा वेगळा झाला. तरीही वृद्ध माणूस आपले बालपण सांगू लागतो तेव्हा राज्याचे नाव क्वचितच घेतो. टेकडीच्या पायऱ्या, बारव, बाजाराची वाट यांपासून तो सुरुवात करतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्ब्वाक्स यांनी १९४१ साली शुभवर्तमानातील पवित्र स्थळांवर ग्रंथ लिहिला. समाजाची आठवण जागेच्या आधाराने टिकते आणि समाज बदलला की त्याच जागेचा अर्थही बदलतो, असे त्यांनी दाखविले.

आपल्याकडे याचा पडताळा १९७२ च्या दुष्काळात मिळतो. त्या वर्षी मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडून रस्ते झाले, माती वाहून पाझर तलाव झाले. पुढे त्या रस्त्यांवर डांबर पडले आणि खडी दिसेनाशी झाली. आज नातवंडे त्यावरून मोटारसायकलने जातात. आपल्या आजीने येथे घण मारला हे त्यांना ठाऊक नसते. १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले व डाव्या कालव्याने गोदाकाठच्या शेतांचे रूप पालटले. अंबड परिसर मोसंबीसाठी प्रसिद्ध झाला. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या. बागेबरोबर तिच्या सावलीतल्या गोष्टीही गेल्या. बारवेचे तर दगड जागेवर आहेत. पण नळ आल्यावर घागरी घेऊन उतरणारी पावले थांबली आणि पायऱ्यांवरच्या गप्पाही थांबल्या.

म्हणजे वास्तू उभी राहिली तरी आठवण उरेलच असे नाही. तेथे माणसांचा वावर हवा. बहात्तरच्या दुष्काळात तरुण असलेली पिढी आता पंचाहत्तरीपुढे गेली आहे. त्यांना घरात बसून विचारले तर 'दिवस कठीण होते' एवढेच उत्तर बहुधा मिळेल. त्यांना एकदा त्या रस्त्यावर, त्या तलावाच्या बांधावर न्यावे आणि मुलांना सोबत ठेवावे. जागा त्यांना बोलते करील. ते बोलणे वहीत उतरवून ठेवणे हे आपल्या घराघराचे काम आहे.