तडकलेली विडी कुणाच्या खात्यात?

मंडळी, चिरूट तडकला तर ओढण्याआधी तो दुरुस्त कसा करावा, इथून आज सुरुवात करायची आहे. चांदवडमध्ये चिरूट ओढणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही, मग हा विषय कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. थोडा धीर धरा. चिरुटावरून आपल्याला सिन्नरला जायचं आहे. मी स्वतः ना चिरूट ओढतो ना विडी, तेव्हा शिफारस कसलीच करत नाही.

'चिरूट' हा शब्द तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून आला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेली वस्तू. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'शेरूट' झाला, आपल्याकडे चिरूट. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची ख्याती एवढी, की शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत होम्स खोलीत सांडलेल्या राखेवरून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची आहे हे ओळखतो.

चांगल्या चिरुटाला तीन थर असतात. पोटात तंबाखूच्या पानांचं सारण, ते बांधून ठेवणारं एक जाड पान, आणि वर नेसवलेलं पातळ, देखणं पान. हवा कोरडी झाली की हे वरचं पान आधी तडकतं. फटीतून हवा आत शिरते, मग झुरका नीट येत नाही आणि चिरूट एका अंगानं जळत जातो. यावर शौकिनांनी बरेच उपाय काढले. बारीक चीर असेल तर बोटाला थुंकी लावून ती दाबून बसवायची. मोठी असेल तर चव नसलेला वनस्पतीचा डिंक लावायचा. त्याहून मोठी असेल तर दुसऱ्या एखाद्या चिरुटाचं वरचं पान सोडवून त्याची पट्टी कापायची आणि ठिगळ द्यायचं. काहीजण चिरुटावरचा कागदी पट्टाच सरकवून चिरेवर आणतात. आणि चिरूट नुसता सुकलेला असेल तर तो पेटवायचाच नाही. पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत त्याला काही दिवस पडू द्यायचं. इथं घाई चालत नाही. एकदम ओल दिली तर पोटातली तंबाखू फुगते आणि वरचं पान आणखी फाटतं.

या सगळ्या दुरुस्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चिरूट ओढणाऱ्याचा आहे. त्यानं पैसे मोजलेत, तडकला तर नुकसान त्याचं, म्हणून तो जपून डिंक लावतो. तडक कुणाच्या खात्यात मांडायची, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आता विडीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात सिन्नर, शेजारी संगमनेर, पुढे सोलापूर, तिकडे गोंदिया आणि कामठी ही विडीची जुनी ठिकाणं. विडीला तीन थर नसतात. एकच पान, टेंभुर्णीचं, ज्याला व्यापारात तेंदू म्हणतात. ते येतं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलातून. एप्रिल-मेच्या उन्हात तोडायचं, पुडे बांधायचे, वाळवायचं. विडी वळणाऱ्या बाईच्या हाती येतं तेव्हा ते कडकडीत असतं, दुमडलं की मोडणारं. म्हणून ती रात्री ते भिजवते, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. सकाळी पत्र्याच्या साच्यावर कात्रीनं चौकोन कापते, जाड शिरा काढून टाकते, मांडीवर सूप घेते, चिमूटभर तंबाखू पसरते, पान वळते, तोंड मुडपते आणि दोरा गुंडाळते. शौकीन जे चिरूट तडकल्यावर करतो, ते ही बाई विडी जन्माला येण्याआधीच करते. कोरड्या पानाला हळूहळू ओल द्यायची. पाणी कमी पडलं तर पान शिरेवर चिरतं, जास्त झालं तर काळं पडतं, बुरशी धरतं. हे कसब कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

एवढं करूनही पान चिरतं. वळताना चिरलं तर ते बाजूला टाकावं लागतं. पानं मोजूनमापून दिलेली असतात, अमुक पानांत हजार विड्या व्हायलाच हव्यात असा हिशेब. पान जुनं, किडकं निघालं आणि विड्या कमी भरल्या, तर कमी पडलेली पानं तिनं पदरच्या पैशानं विकत घ्यायची. आणि वळून झालेल्या विडीत खोट निघाली, तर तिला म्हणतात छाट.

संध्याकाळी विड्या कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे द्यायच्या. तिथं बसलेला माणूस जुड्या हातात घेतो, बोटानं दाबून बघतो. ही सैल, ही चिरलेली, ही आखूड. छाट बाजूला पडते. तिची मजुरी मिळत नाही. बरं, छाट फेकून देतात का? नाही. तीही बाजारात विकली जायची. म्हणजे बाईच्या दृष्टीनं जी विडी झालीच नाही, ती मालकाच्या दृष्टीनं झालेली असायची.

तुम्हा चांदवडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लिलावात भाव पुकारला जातो, ट्रॉली खळ्यावर जाते, कांदा ओतला की व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, यात गोल्टी निघाली, पत्ती गेलेला माल निघाला, भाव कमी करा. दोष दाखवणारा तोच, किंमत ठरवणारा तोच, आणि माल ठेवून घेणाराही तोच. कांद्यावाला निदान तावातावानं भांडतो तरी. छाट काढली म्हणून भांडणाऱ्या बाईला उद्या पान मिळेल की नाही, ही भीती असायची.

मी तत्त्वज्ञान शिकवत आलो. आमच्याकडे एक जुना दंडक आहे, स्वतःच्या खटल्यात कुणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. जॉन लॉकनं सतराव्या शतकात राज्यसंस्थेची गरज सांगताना हाच मुद्दा धरला होता. विडीच्या काउंटरवर हा दंडक रोज संध्याकाळी मोडला जात होता. पण याच छाटीनं पुढे न्यायालयात वेगळंच काम केलं, ते बघण्यासारखं आहे.

प्रश्न असा होता की विडी वळणारा कामगार आहे का? मालक म्हणत, तो वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, नगावर पैसे घेतो. त्याच्यावर आमची हुकमत कुठं? नागपूरच्या एका विडी कारखान्याचं प्रकरण, बिरधीचंद शर्मा खटला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याचा निकाल १९६१च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. न्यायालयाचं म्हणणं असं, की कामाच्या प्रत्येक क्षणी डोक्यावर उभं राहणं म्हणजेच देखरेख असं नाही. दिवसअखेर माल दर्जाचा नसेल तर तो नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे, तीही देखरेखच. म्हणून हे कामगार. लगेच १९६१ मध्येच शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमतानं उलट निकाल आला. त्या माणसावर ठरावीक वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून कारखाना कायद्याखाली तो कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्यात भिन्नमत नोंदवलं. माझ्या मते ते भिन्नमतच जास्त खरं होतं, पण मी काही वकील नाही.

हा गोंधळ मिटवायला संसदेनं १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. बघा, चिरूट आणि विडी शेवटी एकाच कायद्याच्या नावात येऊन बसले. या कायद्यानं घरी बसून वळणाऱ्यालाही कामगार मानलं. कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून, नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून तंटा झाला तर तो सरकारी अधिकाऱ्यापुढे नेता येईल, असं लिहिलं. राज्यांच्या नियमांत छाटीला मर्यादा आली, साधारणपणे शंभरात पाच. मालकांनी आव्हान दिलं आणि १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला.

पण कायदा आला म्हणून काउंटर बदलला असं नाही. केरळात कायदा लागू होताच बड्या मालकांनी कारखाने बंद केले. हजारो लोक रस्त्यावर आले आणि त्यातून १९६९ साली कन्नूरला दिनेश बीडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे तसं काही घडलं नाही. इथं काम घराघरांत पांगलं. काही ठेकेदारांनी तर कागदोपत्री पान-तंबाखू बाईला 'विकली' आणि विड्या तिच्याकडून 'विकत घेतल्या' असं दाखवायला सुरुवात केली. मग ती कामगार नाही, व्यापारीण! तिच्या मालातली छाट म्हणजे तिचाच तोटा.

१९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला, तेव्हा हेच भांडण पुन्हा पेटलं. घरी वळणारी बाई, तिच्याबरोबर सासू वळते, मुलगी वळते, तिला कामगार कसं म्हणायचं? पी. एम. पटेल खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं उत्तर दिलं, आणि ते पुन्हा छाटीवरच आलं. विडी नाकारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे ना? मग हुकमतही तुमची. घरी वळणाऱ्या बाईलाही निधी लागू. ज्या हक्कानं तिची मजुरी कापली जात होती, तोच मालकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, आपल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. तुमच्यातल्या काही ज्येष्ठ भगिनी त्या मांडवात बसल्या असतील. शरद जोशींनी त्याआधी १९८१ मध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांचं आंदोलन केलं होतं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. निपाणीची तंबाखूच पुढे विडीच्या पोटात जाते. पिकवणाऱ्याचा भाव दुसराच ठरवतो, ही तक्रार निपाणीत शेतकऱ्यांनी मांडली, आणि घरात-शेतात राबणाऱ्या बाईचं काम हिशेबातच धरलं जात नाही, ही चांदवडला बायकांनी. विडी वळणारीला दोन्ही तक्रारी एकदमच लागू होतात.

निधी लागू झाला तरी तो मिळायला नोंदवहीत नाव लागतं. घरात वळणारे हात तीन-चार आणि वहीत नाव एकाच बाईचं, अशी घरं अनेक. उरलेल्या हातांनी वळलेली विडी चिरली तर छाट त्याच एका नावावर पडते, निधी मात्र त्या हातांना मिळत नाही. त्यांच्याबद्दल १९८५च्या निकालाचा अर्थ कसा लावायचा, यावर वकील मंडळींनी बोलावं. आता प्रश्न घेऊ.