टॉमी, अभिलाष

(५ फेब्रुवारी १९७९ – ). भारतीय नौदलाचे माजी टेहळणी विमानचालक व दर्यावर्दी. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये, वाटेत थांबे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तेव्हा टॉमी त्यांचे किनाऱ्यावरील मदतनीस होते. त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी टॉमी परतले. त्यांना कीर्तिचक्र मिळाले. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या नौकाशर्यतीत हिंदी महासागरातील वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला. चालताही न येता ते नौकेत पडून राहिले. तीन दिवसांनी मासेमारीवर देखरेख करणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाने सुटका केली. त्यांचे खरे धैर्य यापुढचे : कण्यात टायटॅनियमच्या सळ्या घेऊन २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.