प्रोबायोटिक पशुखाद्यपूरके

पशुपक्ष्यांना खाद्यातून अथवा पाण्यातून नियत मात्रेत दिली जाणारी आणि त्यांच्या पचनमार्गात जिवंत पोहोचून प्रकृतीस हितकर ठरणारी सूक्ष्मजीवांची मिश्रणे. लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस, पेडियोकॉकस व बॅसिलस या प्रजातींतील निवडक जिवाणू आणि सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट यांचा त्यांत मुख्यत्वे अंतर्भाव होतो.

इतिहास : रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळविणारे एली मेचनिकॉव्ह यांनी आंबविलेल्या दुधातील जिवाणूंचा आरोग्याशी असलेला संबंध विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिपादन केला. प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील जिवाणुसमूह नवजात पिलांना दिल्यास साल्मोनेलाचा शिरकाव रोखला जातो, हे नुर्मी व रांटाला या फिनलंडमधील संशोधकांनी १९७३ मध्ये दाखविले. जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याच्या प्रघातामुळे औषधांना न जुमानणारे रोगजंतू बळावतात, ही भीती पुढे दृढ झाली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून या प्रघातास बंदी केली, भारत सरकारने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनच्या वापरास मनाई केली आणि पर्याय म्हणून या पूरकांकडे लक्ष वेधले गेले.

कार्य : आतड्याच्या भित्तीवरील जागा व अन्नांश हितकर जिवाणूंनी आधीच व्यापले, म्हणजे रोगजंतूंना ठाव मिळत नाही, शिवाय लॅक्टिक अम्लामुळे तेथील परिसर त्यांना प्रतिकूल होतो. आतड्याच्या भित्तीत शरीरातील प्रतिकारक कोशिकांचा फार मोठा साठा असून, या सूक्ष्मजीवांच्या सान्निध्याने श्लेष्मल पटलावर स्रवणाऱ्या आयजीए प्रतिपिंडांची निर्मिती व महाभक्षी कोशिकांची तत्परता वाढल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांत मात्र प्रमुख कार्य पहिल्या कोठ्यात, म्हणजे रोमंथिकेत, घडते. तेथे यीस्ट उरलासुरला प्राणवायू वापरून टाकते, त्यामुळे तंतुमय चारा पचविणारे जिवाणू वाढतात आणि अम्लता आटोक्यात राहते.

नांदेड व लातूर : कंधारची लाल कंधारी गाय, वानेरा, बाळंक्या व शेवरा या तीन प्रकारांनी ओळखली जाणारी देवणी, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी हे या भागाचे पशुधन होय; आणि ते वर्षाचा मोठा काळ ज्वारीचा कडबा, तुरीचे भुसकट व सोयाबीनची गुळी अशा, तंतूंनी संपन्न पण प्रथिनांनी दरिद्री वैरणीवर जगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तसल्या दुष्काळात चारा छावणीतील जनावर कडब्यावरून उसावर वा वाढ्यांवर एकाएकी आणले जाते. तेव्हा रोमंथिकेतील सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते. अशा चारापालटाच्या वेळी, तसेच माळेगावच्या यात्रेसारख्या बाजारातून जनावर दूरच्या प्रवासाने नव्या गोठ्यात आल्यावर, यीस्टयुक्त पूरकाचा उपयोग संभवतो. तथापि प्रथिनांची उणीव त्याने भरून निघत नाही, त्यासाठी पेंडीची तजवीज स्वतंत्रपणेच करावी लागते. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने या विषयातील सल्ला परिसरातच उपलब्ध आहे.

सर्वाधिक लाभ वासरांना संभवतो. गाईच्या गर्भाशयातून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती अखंड शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता सुमारे चोवीस तासांत संपुष्टात येते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या दोन तासांत चीक पाजण्यास आरंभ करून, दिवसभरात वजनाच्या सुमारे दशांश इतका चीक वासराच्या पोटात जाणे अगत्याचे असते. खरवसासाठी काढावयाचा तो त्यानंतरचा. हे कर्तव्य पार पडल्यावर दुधातून दिलेले लॅक्टिक अम्ल जिवाणू वासरांच्या हगवणीचे प्रमाण व तीव्रता कमी करण्यास साहाय्यभूत ठरतात.

मर्यादा : गुण जिवाणूच्या विशिष्ट वाणावर अवलंबून असतो, एका वाणाचा अनुभव दुसऱ्यास, किंवा कोंबडीवरील निष्कर्ष गाईस, लागू करता येत नाही. खाद्याच्या कांड्या तयार करताना होणाऱ्या उष्णतेने, तसेच चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या मराठवाडी उन्हाळ्यात पत्र्याखाली केलेल्या साठवणीने, अनेक वाण मरतात. बीजाणू निर्माण करणारे बॅसिलस तेवढे अधिक तग धरतात. प्रतिजैविकांचा उपचार चालू असता दिलेले जिवाणू बहुधा व्यर्थ जातात. खरेदी करताना वेष्टनावर वाणाचे नाव, दर ग्रॅममधील जिवंत सूक्ष्मजीवांची संख्या व वापराची मुदत नमूद आहे काय, हे पाहावे.

घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत, तसेच शेळ्यांतील आंत्रविषार व पीपीआर, यांपासून संरक्षण लसीनेच मिळते. ते काम कोणतेही खाद्यपूरक करू शकत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची गाठीची रक्कम मर्यादित असते; तिचा पहिला विनियोग लस, जंतनाशक, स्वच्छ पाणी व सकस वैरण यांवर व्हावा आणि प्रोबायोटिक पूरकांना त्यानंतरचे स्थान द्यावे.